चालीला नाममुद्रा नसते

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या २२ तारखेला, तुळजापूर तालुक्यातील एका गावच्या शाळेत सकाळी जाण्याचा योग आला. परिपाठ सुरू होता. थंडीने आखडलेली मुले रांगांत उभी होती. राष्ट्रगीत झाले, प्रतिज्ञा झाली, संविधानाची उद्देशिका झाली. मग समोर उभ्या असलेल्या दोन मुलींनी प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली आणि मागून सगळ्या शाळेने ती उचलली. प्रार्थना होती 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. पेटी नव्हती, तबला नव्हता. काही मुले सुरात होती, बरीचशी नव्हती; पण चाल कुठेही मोडली नाही. प्रार्थनेनंतर एका मुलाने दिनविशेष वाचला : आज थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांची जयंती, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. पुढे बातम्या आणि सुविचार झाले, आणि मुले वर्गांत गेली.

दिनविशेष अचूक होता. मात्र २२ डिसेंबर ही आणखी एका माणसाचीही तारीख आहे. १९७५ साली याच दिवशी मुंबईत, राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात संगीतकार वसंत देसाई गेले. पाच मिनिटांपूर्वी त्या मैदानावर जी प्रार्थना झाली, तिची चाल त्यांचीच. ज्या माणसाच्या सुरांनी त्या शाळेचा दिवस सुरू झाला, त्याच्या स्मृतिदिनी त्याचे नाव मात्र कुणाच्या ओठी आले नाही. परिपाठानंतर एका मुलीला मी सहज विचारले, "ही प्रार्थना कुणाची गं?" तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "आमच्या शाळेची."

त्या उत्तराने आधी मन खट्टू झाले. पुढे पुष्कळ दिवस ते उत्तर डोक्यात घोळत राहिले, आणि हळूहळू असे वाटू लागले की एखाद्या संगीतकाराला यापेक्षा मोठा मान कोणी देऊ शकणार नाही. तरीही मनातली टोचणी गेली नाही. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे : त्या मानाबद्दल आणि त्या टोचणीबद्दल.

तुळजापूरच्या माणसाला निनावी संगीत नवे नाही. पहाटे भवानीच्या देवळात चरणतीर्थाची वेळ होते तेव्हा वाजणारी वाद्ये, गोंधळ्याच्या संबळाचा ठेका, आराध्यांची गाणी, हे सारे इथे कित्येक पिढ्यांपासून कानावर पडत आले आहे. त्यांच्या चाली कुणी बांधल्या, असे कुणी विचारत नाही. विचारले तरी सांगता येणार नाही. शब्दांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडच्या कवींनी आपले नाव रचनेच्या शेवटी गुंफून ठेवण्याची मोठी शहाणी सोय करून ठेवली आहे. देवीचा जोगवा मागताना जे पद म्हटले जाते, त्याच्या अखेरीस 'एका जनार्दनी' येते आणि चारशे वर्षांनंतरही पैठणच्या एकनाथांचे नाव निरक्षर माणसाच्या तोंडून आपोआप उच्चारले जाते. अभंगात 'तुका म्हणे' असते. शाहीरही आपली मुद्रा लावल्याशिवाय लावणी सोडत नसत. रचना कितीही दूर गेली, तरी नाव तिच्या पदराला बांधलेले असते.

चालीला अशी नाममुद्रा नसते. सुरांच्या शेवटी कुणाला आपले नाव घालता येत नाही. गाणे तबकडीवर असेपर्यंत, पडद्यावर असेपर्यंत, श्रेयनामावलीत नाव राहते. आकाशवाणीवरचा निवेदक ते उच्चारतो. गाणे तिथून सुटून लोकांच्या गळ्यात गेले की नाव मागेच राहते. वसंत देसाई यांचे असे झाले. त्यांच्या बाबतीत ते इतरांपेक्षा अधिक झाले, कारण त्यांच्या चाली सर्वांत जास्त जिथे पोचल्या तिथे श्रेयनामावली नव्हती. त्या शाळेत पोचल्या.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ चा, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. तो मुलूख दशावताराचा आणि भजनांचा. 'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या काळातच हा मुलगा तिथे दाखल झाला. त्या काळी कंपनीत काम म्हणजे पडेल ते काम. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त देसाई पडद्यावर दिसले आणि गायलेही. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशी तीन वेगवेगळ्या वळणांची माणसे 'प्रभात'मध्ये संगीत देऊन गेली. देसाई त्यांच्या हाताखाली शिकले. एकाकडे नाट्यसंगीताची भव्यता होती, एकाकडे भावगीताची नेमकी बोलकी चाल होती, एकाकडे रागदारीचा खळाळ होता. पुढे देसाईंच्या संगीतात या तिन्ही गोष्टी ओळखू येतात. १९४२ मध्ये व्ही. शांताराम 'प्रभात'मधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल कलामंदिर' उभारले. 'राजकमल'च्या 'शकुंतला' (१९४३) या चित्रपटाला देसाईंनी संगीत दिले आणि तिथून त्यांची स्वतंत्र वाट सुरू झाली.

या वाटेवरचे पुढचे दोन टप्पे आमच्या शेजारचे आहेत. तुळजापूर ते सोलापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे. आज ते तासाभरात कापता येते. पण १९४६-४७ मध्ये मध्ये सरहद्द होती. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शाळेची भाषा, कचेरीची भाषा, नाणे, सगळे वेगळे. त्याच दोन वर्षांत 'राजकमल'ने लागोपाठ सोलापूरच्या दोन सुपुत्रांवर चित्रपट काढले, आणि दोन्हींचे संगीत वसंत देसाईंचे होते. पहिला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६). द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. दुसरा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७). कीर्तनकाराच्या पंक्तीत बसावे अशा व्युत्पन्न घरातला, पण डफ-तुणतुण्याच्या नादाने तमाशाच्या फडात गेलेला हा उत्तर पेशवाईतला शाहीर सोलापूरचाच. रामजोशींची भूमिका जयराम शिलेदारांनी केली आणि गाणीही गायली.

'रामजोशी'चे संगीत पुन्हा ऐकताना एक गोष्ट जाणवते. लावणी चित्रपटात आणताना तिला एकतर सभ्य करून बेचव करण्याचा मोह असतो, नाहीतर नुसती उठवळ करण्याचा. देसाईंनी यातले काहीच केले नाही. शाहिराच्या संस्कृतप्रचुर, यमकांनी ठासून भरलेल्या ओळींना त्यांनी अशा चाली दिल्या की शब्द न समजणाऱ्यालाही त्यांची ठेच आणि लय समजावी. शब्द पंडिताचा आणि ठेका फडाचा, हा रामजोशींच्या आयुष्यातलाच झगडा चालींत ऐकू येतो.

चार वर्षांनी, १९५१ मध्ये, 'अमर भूपाळी' आला. हा होनाजी-बाळांवरचा चित्रपट. पंडितराव नगरकर त्यात होनाजी झाले होते. त्यातली भूपाळी पंडितराव आणि लताबाईंच्या आवाजात महाराष्ट्रातल्या घराघरांत गेली आणि १९५२ च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. मला इथे लक्ष वेधायचे आहे ते 'होनाजी बाळा' या जोडनावाकडे. होनाजी हा कवी. बाळा हा त्याचा गाणारा साथीदार. लावणीच्या अखेरीस दोघांचे नाव एकत्र येते. मराठी कवितेच्या इतिहासात ज्याने शब्द गाऊन लोकांपर्यंत नेले, त्याचेही नाव मुद्रेत टिकून राहिल्याचे हे विरळे उदाहरण आहे. त्या जोडीच्या भूपाळीला चित्रपटात चाल देणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र हे भाग्य मिळायचे नव्हते. आज ती भूपाळी अनेकांना पेशव्यांच्या काळापासून याच चालीत चालत आली आहे असे वाटते. चाल मूळची वाटावी इतकी शब्दांना चिकटली, हेच तिचे यश, आणि हेच तिच्या कर्त्याचे नुकसान.

आता प्रार्थनेकडे येतो. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिचे मूळ महाराष्ट्राच्या मातीतले. औंध संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची खुली कैद्यांची वसाहत स्थापन झाली होती. गुन्हेगाराला भिंतींत कोंडण्यापेक्षा त्याच्यावर विश्वास टाकून पाहावा, असा तो प्रयोग. चित्रपटात सहा खुनी कैद्यांना घेऊन एक जेलर माळरानावर शेती करायला निघतो. ही माणसे गाणारी नाहीत, देवभक्त नाहीत. त्यांच्या तोंडी शोभेल अशी प्रार्थना लिहायची भरत व्यासांनी, आणि चाल लावायची देसाईंनी.

या ठिकाणी देसाई काय करू शकले असते, हे आठवून पाहावे. दोनच वर्षांपूर्वी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून गाऊन घेतले होते; पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचा संतूर आणला होता. दोन वर्षांनी 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई ते चित्रपटाच्या केंद्रस्थानी ठेवणार होते. म्हणजे हाताशी मोठी माणसे होती आणि मोठे संगीत हाताळण्याची ताकदही होती. त्या माणसाने कैद्यांच्या प्रार्थनेसाठी सगळे बाजूला ठेवले. लहान लहान ओळी, प्रत्येक ओळीअखेर श्वास घ्यायला जागा, ताना-मुरक्यांची कसरत नाही, आणि पुन्हा पुन्हा परत येणारे धृपद. लताबाईंच्या आवाजात ती चाल सुंदर वाटते यात नवल नाही. नवल याचे की शंभर बेसूर गळ्यांतही ती तितकीच टिकते. उत्तम गायकासाठी चाल बांधणे हे कौशल्याचे काम आहे. ज्याला गाता येत नाही त्याच्यासाठी चाल बांधायला कौशल्याच्या जोडीला कणव लागते. त्या चालीत चूक सामावून घेण्याची सोय आधीच केलेली आहे. न गाणाऱ्या कैद्यांसाठी बांधलेली ही चाल न शिकलेल्या मुलांना आपली वाटली, यात मला योगायोग दिसत नाही.

शब्दांचाही वाटा मान्य केला पाहिजे. भरत व्यासांच्या प्रार्थनेत कुठल्या देवाचे नाव नाही, पंथाची खूण नाही. 'मालिक' हा शब्द तर आमच्या भागात, जुन्या निजामी मुलखात, शेतमजुरापासून सावकारापर्यंत सर्वांच्या बोलण्यातला. भवानीच्या गावातली मुले, दर्ग्याच्या वाटेवरची मुले, कुठल्याही वस्तीतली मुले, एकाच मैदानावर हात जोडून ती म्हणू शकतात आणि कुणाला अवघडल्यासारखे होत नाही.

बरे, हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण वसंत देसाईंचे शाळेशी नाते फार जुने आणि फार घट्ट आहे. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. त्याचे संगीत देसाईंचे. त्यातले 'छडी लागे छमछम' माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. 'छोटा जवान' (१९६३) मधले 'जिंकू किंवा मरू' हे माडगूळकरांचे गीत चीन युद्धानंतरच्या दिवसांत समूहगीत झाले आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत कायमचे राहिले. 'आशीर्वाद' (१९६८) मध्ये अशोककुमारांच्या तोंडची आगगाडी मुलांनी उचलली. आणि 'गुड्डी' (१९७१). गुलजारांच्या 'हम को मन की शक्ति देना' या प्रार्थनेने शाळेतली सकाळ उभी राहते आणि नायिका उशिरा येते. चित्रपट आहे सिनेमाच्या भुलावणीबद्दल, पडद्यावरच्या नायकावर भाळलेल्या मुलीबद्दल. पडद्यावरचे सगळे खोटे असते असे सांगणाऱ्या त्या चित्रपटातली एक गोष्ट मात्र पडद्यावरून उतरून खरी झाली. पडद्यावरच्या शाळेसाठी केलेली प्रार्थना खऱ्या शाळांनी घेतली. त्या प्रार्थनेतला मुख्य आवाज वाणी जयराम यांचा. त्यांना देसाईंनी 'देव दीनाघरी धावला' या नाटकातील गीतासाठी कुमार गंधर्वांबरोबर गायला बसवले होते, हेही इथे नोंदवावे. मोठ्या गवयाला साध्या भावगीतापर्यंत आणणे आणि नवख्या गळ्याला मोठ्या गवयाशेजारी उभे करणे, या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच सहज जमत.

चित्रपटाबाहेरही त्यांनी हेच काम अंगावर घेतले. 'एक सूर एक ताल' या कार्यक्रमातून त्यांनी शाळाशाळांतल्या मुलांना समूहगान शिकवले. आणि ज्या माणसाने हजारो मुलांना एका सुरात उभे केले, त्याची एक चाल याच काळात जगाच्या सभागृहातही गेली. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. कार्यक्रमाच्या अखेरीस त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले 'मैत्रीं भजत' हे संस्कृत विश्वशांतिगीत म्हटले. त्याची चाल वसंत देसाईंची. कर्नाटक संगीताच्या सम्राज्ञीने, तमिळ भूमीतल्या संन्याशाचे संस्कृत शब्द, कोकणातल्या मराठी चित्रपटसंगीतकाराच्या चालीत न्यूयॉर्कला गाइले. आजही दक्षिणेत ते गीत म्हटले जाते आणि तिथेही रचनाकाराचे व गायिकेचे नाव सांगितले जाते, चालकाराचे क्वचितच.

कुणी म्हणेल, यात एवढे वाईट वाटण्यासारखे काय आहे? लोकसंगीत असेच तर घडते. आमच्याकडे त्याचे प्रात्यक्षिक दरवर्षी पाहायला मिळते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे माणसांचा लोंढा पायी निघतो. रस्त्याच्या दुतर्फा चहा-फराळाचे मंडप आणि त्यांवर कर्णे. त्या कर्ण्यांतून भवानीची जी गाणी वाजतात त्यांतली पुष्कळशी चित्रपटांच्या चालींवर बेतलेली असतात. कालपरवाच्या चालीवर देवीचे शब्द बसतात आणि चालणाऱ्या पायांना ठेका मिळतो. ती चाल मुळात कुणाची याची चौकशी करायला तिथे कुणाला उसंत नसते. चित्रपटसंगीताने गोंधळ, लावणी, भूपाळी यांच्याकडून मुक्तहस्ताने घेतले. आता लोक त्याच्याकडून घेत आहेत. हा व्यवहार जुना आहे आणि न्याय्यही आहे.

मला हे पटते. तरीही गोंधळ्याच्या चालीचा अनामिकपणा आणि देसाईंच्या चालीचा अनामिकपणा एकच मानायला मन तयार होत नाही. गोंधळाची चाल एका माणसाची नाहीच. ती अनेक पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली आहे, तिचा कर्ता कुणी लपवलेला नाही. 'ऐ मालिक'ची चाल एका माणसाने, एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट अडचणीवर विचार करून बांधली. न गाणाऱ्याला गाता यावे यासाठी आपल्या विद्येचा कोणता भाग बाजूला ठेवायचा, हा निर्णय त्याने घेतला. तो निर्णय विसरला की ती चाल आपोआप उगवली असे वाटू लागते, आणि साधेपणा म्हणजे काही न करणे असा समज होतो. संगीत शिकणाऱ्या मुलांचे त्यात नुकसान आहे. आज साधी चाल आणि सोपी चाल यांतला फरक ओळखणारे कान कमी होत चालले आहेत, त्याचे एक कारण हे विस्मरण असावे.

देसाईंच्या समकालीनांत त्यांच्याहून अधिक लोकप्रिय संगीतकार होते. चित्रपटांची संख्या, विक्रम, रेडिओवरची मागणी, कशातही ते पहिल्या क्रमांकावर नव्हते. ऐतिहासिक, पौराणिक किंवा रागदारीचा विषय असला की देसाई, अशी त्यांची एक प्रतिमा होऊन बसली आणि 'मोलकरीण' (१९६३) सारख्या घरगुती चित्रपटातली त्यांची मृदू गाणी तिच्या आड झाकली गेली. हे सारे खरे. पण एखाद्या संगीतकाराची गाणी किती माणसे ऐकतात, यापेक्षा किती माणसे ती स्वतः म्हणतात हे माप लावले, तर त्यांच्या शेजारी बसवायला फार थोडी नावे सापडतील. ज्या गावांत कधी चित्रपटगृह झाले नाही त्या गावांतल्या मुलांनीही त्यांच्या चाली म्हटल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांना त्या चित्रपटातल्या आहेत हेसुद्धा ठाऊक नसते.

त्यांना जाऊन अर्धे शतक लोटले. पुतळा, पुरस्कार, सभागृहाला नाव, या गोष्टी होतात न होतात. मला वाटते, त्यांच्यासाठी एक फार छोटी गोष्ट करता येण्यासारखी आहे आणि ती कुठल्याही शाळेला परवडेल. २२ डिसेंबरच्या दिनविशेषात रामानुजनांच्या ओळीखाली एक ओळ वाढवावी : आपण आत्ताच म्हटलेल्या प्रार्थनेची चाल वसंत देसाई यांनी बांधली, आज त्यांचा स्मृतिदिन. एवढेच. चालीला नाममुद्रा नसते म्हणून ती वर्षातून एकदा आपण तोंडी लावायची.

त्या मुलीचे उत्तर मात्र बदलू नये. प्रार्थना तिच्या शाळेचीच आहे.